रिजेक्शनला मराठीत काय म्हणावं? आणि लघवीतल्या बायोमार्करला?

संत्रापट्टा:
एका शब्दावर अडलोय, मदत करा. माझ्या लहान भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, मायनं दिली. सात महिने चांगले गेले, मग रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं (किडनी नीट गाळत नसली की ते वाढतं), नागपूरला नेलं, बायोप्सी करायची म्हणे, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचा, अन् सही घेतली त्या कागदावर मराठीत लिहून होतं 'अवयव अस्वीकाराची शक्यता'. मी घरी येऊन मायला सोपं करून सांगितलं की शरीर किडनी नाकारून रायलं. ती ओसरीत गहू निवडत होती, सूप तसंच हातात राहिलं. "मी देल्ली न त्याले, मंग नाकारली काऊन?" एवढंच बोलली. भाऊ इंजेक्शनं घेऊन सावरला, आता कामावरही जातो, पण मायच्या मनातून तो शब्द निघत नाही. नकार माणूस देतो हो, जाणूनबुजून देतो. आमच्याकडं संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, नाही जमला तर 'डोळा धरला नाही' म्हणतात, कोणाला बोल लागत नाही. तसं म्हटलं तर चालेल का?

लॅबवाली:
दादा, डोळा धरला नाही हे इथं थोडं चुकेल. तुमच्या भावाची किडनी धरली होती, सात महिने काम केलं तिनं. रिजेक्शन म्हणजे धरलेल्या अवयवावर आपल्याच पांढऱ्या पेशी चालून जातात, ती किडनी आपली नाही परक्याची आहे असं समजून, अन् ते दोन आठवड्यांतही होऊ शकतं आणि काही वर्षांनीही. आईची असली तरी पेशींवरच्या साधारण अर्ध्याच ओळखीच्या खुणा जुळतात, म्हणून हा हल्ला दाबायला जन्मभर गोळ्या. मी लॅबमध्ये काम करते, आम्ही रिजेक्शनच म्हणतो, पण पेशंटच्या घरच्यांना सांगताना 'शरीर उलटलं' म्हणते. औषध उलटतं तसं. त्यात कोणाचं मन आलं नाही.

धानबांधी:
'उलटलं' एकदम बरोबर. एक जोड देतो, प्रत्यारोपणातलं आरोपण अन् आपली रोवणी एकाच मुळाची. भंडारा-गोंदियाकडं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधीत लावतात ती रोवणी, म्हणजे ट्रान्सप्लांटच झालं ना, पण प्रत्यारोपण म्हटलं की तोच शेतकरी गप्प बसतो. आता बायोमार्करचं सांगा ताई, 'जैवसूचक' छापतात सगळीकडं, ते मला जीव नसलेलं वाटतं.

लॅबवाली:
आधी वस्तू सांगते मग शब्द तुम्ही ठरवा. बायोमार्कर म्हणजे आत काय चाललंय ते तपासणीत मोजून कळवणारी खूण. क्रिएटिनिन उशिरा वाढतं, किडनीनं मार खाल्ल्यावर. म्हणून लोक लघवीत शोधायला लागले, कारण किडनीत जे घडतं त्याचं पहिलं पाणी तिथंच उतरतं. किडनीत भडका सुरू झाला की सीएक्ससीएल ९ अन् सीएक्ससीएल १० नावाची प्रथिनं तयार होतात, त्यांचं काम आणखी टी-पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, बोलावणं, मी तर त्यांना सांगावाच म्हणते, अन् तो सांगावा लघवीत सापडतो. 2013 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, 485 पेशंटचे 4300 लघवीचे नमुने, त्यातल्या पेशींचा आरएनए, म्हणजे पेशीत कोणती प्रथिनं बनवायची तो निरोप, मोजला अन् त्यावरून स्कोर काढला. ज्यांना रिजेक्शन झालं त्यांचा स्कोर बायोप्सीच्या आधीच्या आठवड्यांतच झपकन चढला होता, बाकीच्यांचा खालीच राहिला. पण एक ध्यानात ठेवा, लघवीत इन्फेक्शन असलं किंवा किडनीला त्रास देणारा बीके नावाचा व्हायरस असला तरी ती प्रथिनं वाढू शकतात. म्हणून शेवटी तुकडा काढून बघावाच लागतो.

धानबांधी:
मग 'लक्षण' नको, लक्षण रोग्याला जाणवतं, इथं त्याला काहीच जाणवत नाही. 'भाकीत'ही नको, भाकीत न घडलेल्या गोष्टीचं करतात, इथं आत सुरू झालेलं आहे फक्त बाहेर दिसत नाही. माझं मत 'चाहूल'. चाहूल लागली म्हणजे कोणीतरी आलं एवढं नक्की, कोण आलं ते उठून बघावं लागतं.

लॅबवाली:
हे फार आवडलं. इन्फेक्शनची गोष्टही त्यातच बसली. रिपोर्टवर बायोमार्करच राहील, पण तोंडी मी आता चाहूल म्हणेन.

संत्रापट्टा:
काल रात्री मायजवळ बसून सांगितलं की त्यानं नाकारलं नव्हतं, अंग उलटलं होतं, अन् लघवीतून त्याची चाहूल आधी लागावी म्हणून डॉक्टर लोक मेहनत करून रायले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणे, "म्हंजे जागलच करा लागते न." आमच्याकडं रानडुकरं येतात म्हणून हरभऱ्याला रात्री माचणावर जागल करतात, बाबा असताना तीही जायची, तुरीत खसफस झाली की आधी कान द्यायची, मग बॅटरी मारायची. मॉनिटरिंगला मी शब्द विचारलाच नव्हता, तो तिनंच दिला. सकाळी भावाच्या तपासणीची डबी तिनं स्वतः धुऊन, पुसून पिशवीत ठेवली. मी सांगितलं की लॅबवाले नवी डबी देतात, तरी ठेवली.