आरएक्स १००: किट टाकल्यापासून कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो, फ्लोट हाइट कशी मोजायची?

गाडी यामाहा आरएक्स १००, मिकुनीचा कार्ब्युरेटर. पावसाळाभर उभी होती. जेट (पेट्रोल जाणारी बारीक छिद्रं) चोंदले म्हणून घरीच कार्ब्युरेटर खोलला, साफ केला आणि बाजारातलं साधं गॅस्केट किट टाकलं. आता गाडी पहिल्या किकला उठते, पण पेट्रोलचा कॉक चालू ठेवून उभी केली की पाच मिनिटांत ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं.

आधीच सांगतो, म्हणजे तेच प्रश्न परत नकोत: नीडल आणि सीट (येणारं पेट्रोल अडवणारी सुई आणि ती बसते ती बैठक) दोन्ही नवीन आहेत. कार्ब्युरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकलं तर हवा अडते. फ्लोट (पेट्रोलवर तरंगून नीडल वर ढकलणारा पोकळ तुकडा) कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल नाही. बाऊलमधली (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ओव्हरफ्लोची पितळी नळी फुटलीय का म्हणून सुटा बाऊल नळीच्या तोंडाखालपर्यंत भरून रात्रभर ठेवला. थेंबही गळला नाही.

एकच गोष्ट खटकतेय. सीटखालचा नवा वॉशर जुन्यापेक्षा पातळ आहे, नखाला फरक जाणवतो. सीट वर सरकली, म्हणून पेट्रोलची पातळी चढली असावी. जुना वॉशर काढताना तुटला (घाई, दुसरं काय).

व्हर्नियर आहे, पण फ्लोटची नीडलला टेकणारी पितळी जीभ अंदाजाने वाकवायची हिंमत होत नाही. फ्लोट हाइट (कार्ब्युरेटरच्या बॉडीच्या कडेपासून फ्लोटची उंची) बाऊलचं गॅस्केट काढून मोजायची की ठेवून? नीडलची स्प्रिंगवाली पिन दाबलेली धरायची, की जीभ तिला नुसती टेकेल इतपत? की आधी जाड वॉशरच शोधू?