नववीच्या पोरांना तत्त्वज्ञानाचा तास हवा की नको?

नववी ब

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात मराठी शिकवतो. पोरं बहुतेक कास्तकार-मजुरांची, काही पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. माझं म्हणणं असं की आठवी-नववीला आठवड्यातून एक तास तत्त्वज्ञानाला मिळालाच पाहिजे. त्याला पुस्तक नको, गुण नकोत, भारतीय तत्त्वज्ञानातल्या सहा दर्शनांची नावं पाठ करणं तर नकोच. एक खरा प्रश्न घ्यायचा आणि एकमेकांना कारणं देत-मागत बोलायचं.

आपल्या राज्यात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय अकरावी-बारावीला येतात, तेही ऐच्छिक. आमच्या पंचक्रोशीत ते कुठंच नाहीत. शिवाय दहावीनंतर किती पोरं शिकतात? अमेरिकेत मॅथ्यू लिपमन या प्राध्यापकानं १९७० च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी तत्त्वज्ञान सुरू केलं ते याच विचारानं. कॉलेजात आल्यावर विचार करायला शिकवणं म्हणजे फार उशीर, असं त्याला वाटत होतं.

मी हा तास अधूनमधून घेतो, त्यातला एक सांगतो. २ नोव्हेंबर २०१८ ला आमच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातली टी-१ वाघीण, म्हणजे पेपरातली अवनी, गोळी घालून मारली गेली. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात होते. आताची नववीची पोरं तेव्हा लहान होती, पण घराघरात ती गोष्ट अजून निघते. फळ्यावर लिहिलं, "वाघीण गुन्हेगार होती का?" सगळा वर्ग म्हणाला, होती. मग एक पोरगी उठली, जी एरवी हजेरीपुरतीच बोलते. "सर, माणूस मारनं गुन्हा हाय हे तिले मालूम होतं का?" मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मालूम नसन तं नसन. मारा तं लागनच ना, नाई तं उद्या तुह्या बापाले नेईन." पोरगी म्हणाली, "मंग ती शिक्षा नाई झाली, बंदोबस्त झाला."

शिक्षा वेगळी आणि बंदोबस्त वेगळा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पुढं गाडी पिसाळलेल्या कुत्र्यावर गेली, मग दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या माणसावर. "त्याले बी त्या टायमाले समजत नाई, मंग त्याले शिक्षा काहून?" यावर एकानं दिलेलं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही: "पेताना तं समजते ना."

हे ज्यांना सुचतं त्यांना आपण दहावीपर्यंत फक्त "कोण म्हणाले, कोणास म्हणाले" विचारत राहायचं का?

कास्तकार भाऊ

सर, तुमचा तास वाचून बरं वाटलं, खोटं नाई बोलत. पण बाप म्हून सांगतो, मले हा तास नको.

माही पोरगी आठवीत हाय. मानव विकास योजनेच्या निळ्या एसटीनं जाते, संध्याकाळी सहा वाजता घरी येते. शाळेत इंग्रजीले मास्तर नाई. विज्ञानाचा तास ड्रॉइंगचे सर घेते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर भेटत नाई, मंग एखांद्या दिवशी आमीच तिले घरी ठेवतो, हे बी खरं हाय. जो वेळ उरते त्यात तिले इंग्रजी अन् गणित आलं पायजे. तवा नर्सिंगले लागन, नाई तं पोलीस भरतीत निंघन. शहरातल्या पोट्ट्यायले ट्यूशन हाय. आमच्या लेकरायले जे भेटते ते शाळेतच भेटते. त्यातला तास तुमी बोलण्यात घालवला तं नुकसान कोनाचं?

अन् इचार करणं आमच्या लेकरायले घरीच शिकाले भेटते. कपाशी लावाव का सोयाबीन, आधी बँकेचं द्याव का सावकाराचं, हे रोज रात्री त्यायच्या समोरच चालते.

गणितवाली ताई

भाऊंच्या बाजूनं मीही. माझ्या नववीत अपूर्णांकांची बेरीज न येणारी मुलं आहेत. सातवीचा धडा अडखळत वाचणारीही आहेत. त्यांना आधी काय द्यायचं, यात मला तरी शंका नाही.

सरांनी लिपमनचं नाव काढलं म्हणून पुढचंही सांगते. इंग्लंडमध्ये ४८ प्राथमिक शाळांत या पद्धतीची चाचणी झाली, अहवाल २०१५ चा. वाचन आणि गणितात साधारण दोन महिन्यांची जास्तीची प्रगती दिसली, असं त्यात होतं. पुढं याहून मोठी चाचणी झाली, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि वाचनात काही फायदा दिसला नाही. चर्चेत मात्र नेहमी पहिलाच अहवाल फिरतो. फ्रान्सचंही उदाहरण कोणीतरी देईलच. तिथं तत्त्वज्ञान सक्तीचं आहे, परीक्षेला चार तासांचा पेपर असतो, पण शाळेच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीच्या वयात.

"कारण दे" शिकवायचं तर भूमिती आहेच की. पक्ष, साध्य, सिद्धता. प्रत्येक ओळीपुढं कारण लिहावंच लागतं. मुलांना तेवढं नीट शिकवलं तर वेगळा तास कशाला हवा?

नववी ब

ताई, दुसऱ्या अहवालाचं तुमचं बरोबर आहे. वाचन सुधारतं म्हणून हा तास द्या, असं मी म्हणणारही नाही. वाचन सुधारायला वाचनच घ्यावं लागतं.

पण भूमितीत पक्ष, म्हणजे सुरुवातीला खरं धरायचं ते, दिलेलाच असतो. गावात भांडण पक्षावरच असतं. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर बोरीचं झाड आहे. लावलं एकाच्या आजानं, सावली पडते दुसऱ्याच्या पिकावर. बोरं कोणाची? "सातबारा बघा" म्हणून हा प्रश्न सुटत नाही, आणि यावरून भावाभावांची कोर्टकचेरी झालेली पोरांनी पाहिलेली असते.

आणि भाऊ, तुमच्या पोरीचा इंग्रजीचा तास मला नको आहे. परिपाठ रोज होतोच. त्यात प्रार्थना, प्रतिज्ञा, उद्देशिका, दिनविशेष झालं की सुविचार: "नेहमी खरे बोलावे." एकदा सातवीतल्या पोरानं मला विचारलं, वसुलीवाला दारात आला आणि बाबा घरात बसलेत, तर "बाबा नाहीत" म्हणायचं का? त्याचं उत्तर सुविचारात नाही. ते पोरगं उत्तर घेऊन आलं नव्हतं, त्याला खरोखर अडलं होतं. तुम्ही म्हणता घरी रोज विचार चालतो. चालतो, पण त्यात पोराला बोलायची मुभा किती घरांत असते?

निवृत्त हेडमास्तर

सर, तुमचा तास चालतो कारण तो तुमचा आहे. उद्या शासन निर्णय निघाला की त्याचं काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक हस्तपुस्तिका, उपक्रमाची नोंदवही आणि फोटो अपलोड करायची लिंक. नववी-दहावीला "स्वविकास व कलारसास्वाद" हा श्रेणी विषय आहे. कल्पना उत्तम. पण मी फिरलेल्या बहुतेक शाळांत जानेवारी लागला की त्याचे तास गणित-विज्ञानाला जातात आणि श्रेणी मात्र सगळ्यांना मिळते. तत्त्वज्ञानाचंही हेच होईल. वर गाईड निघेल, त्यात वाघिणीच्या प्रश्नाचं उत्तर तीन मुद्द्यांत दिलेलं असेल.

माझा विरोध प्रश्न विचारण्याला नाही, तास म्हणून तो वेळापत्रकात घालण्याला आहे. ज्याला येतं त्यानं आपल्या विषयात करावं. इतिहासात करता येतं, विज्ञानात तर केलंच पाहिजे.

खंजिरी

तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या जवळचा आहे, म्हणून राहवलं नाही. अमेरिकेपर्यंत जायची गरज काय? गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत, तेही वऱ्हाडीत. रिद्धपूरला चक्रधरस्वामींचा वावर होता. त्यांच्या दृष्टांतांत आंधळ्यांचा आणि हत्तीचा दृष्टांत आहे. ज्याला पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान लागला त्याला सुपासारखा. आपल्या मातीत हे शेकडो वर्षांपासून आहे.

पण त्याला भक्तीची बैठक होती. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात नुसता प्रश्न दिला तर तो आधी आईबापाच्या श्रद्धेवरच चालवणार. घरात माय उपास धरते, पोरगा तिला म्हणतो पुरावा दाखव. आधी प्रार्थना, संस्कार आणि गावाविषयी आपुलकी येऊ द्या. प्रश्न त्यानंतर.

निळी पहाट

दादा, संस्कार आधी म्हणता, पण कोणाचे? आमच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६ हा संस्कार आहे. माझी आजी त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर होती, कडेवर माझे मामा. परंपरेनं आलं, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून मानू नका, हा बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आम्ही लहानपणीच ऐकलेला. आमच्याकडं प्रश्न आणि संस्कार वेगळे निघतच नाहीत. संविधानाच्या ५१क मध्ये शोधक बुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. त्यात वयाची अट नाही.

तरी माझा सरांना एक प्रश्न आहे, आणि तो सोपा नाही. प्रश्न विचारण्याची किंमत सगळ्या पोरांना सारखी पडत नाही. पाटलाच्या पोरानं "असं का?" विचारलं तर तो हुशार. तेच आमच्या वस्तीतल्या पोरीनं गावजेवणाच्या पंगतीबद्दल विचारलं तर ती आगाऊ, आणि ते तिच्या बापाला कामावरून ऐकून घ्यावं लागतं. तास संपल्यावर तुम्ही घरी जाता, ती पोरगी गावात राहते.

आणि तुमच्या त्या वर्गात दारुड्याची गोष्ट निघाली तेव्हा कोणाचा तरी बाप आदल्या रात्री पिऊन आलेला असणारच. त्या पोराकडं कोण बघत होतं?

नववी ब

ताई, मी बघत होतो. दोन पोरांनी माना खाली घातल्या होत्या. म्हणून प्रश्न बदलला. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. आपल्या जिल्ह्यात नाही. मग सरकारनं माणसाला त्याच्या वाईटापासून अडवावं का? यावर सगळे बोलू शकले, ती दोघंसुद्धा. कोणाच्या घरचं नाव घ्यायचं नाही, आणि ज्याला बोलायचं नाही त्यानं "पुढं" म्हणायचं, हे नियम पोरांनीच केलेत.

पंगतीबद्दलचं मात्र तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. माझ्याकडं त्याला एकच उत्तर आहे. तो प्रश्न वर्गात मास्तरानं मांडायचा, पोरीनं नाही. पुढं काय ऐकून घ्यायचं ते मास्तरानं घ्यावं, त्याचा पगार गावावर अवलंबून नाही.

अकरावी कला

मी बारा-पंधरा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. सरांच्या बाजूनं आहे, पण त्यांनी फारच कमी मागितलंय असं मला वाटतं.

"पेताना तं समजते ना" म्हणणारं पोरगं ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलशेजारी उभं आहे. नशेत केलेल्या कृत्याची जबाबदारी सुटत नाही, कारण नशा करणं त्या माणसाच्या हातात होतं, असंच ॲरिस्टॉटल म्हणतो. वसुलीवाल्याचा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९७ मध्ये फार कठोरपणे सोडवला: दारात खुनी उभा असला तरी खोटं बोलू नये. ते सातवीतल्या पोराला सांगा. त्याला कांट पटणार नाही, मग का पटत नाही ते सांगायला लावा. तिथं तत्त्वज्ञान सुरू होतं. त्याच्या आधी ज्या होतात त्या गप्पा. चांगल्या गप्पा, पण गप्पाच.

म्हणून शिक्षकाला थोडी हत्यारं हवीत. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे सहा दर्शनांपैकी तर्काच्या दर्शनात, ती आहेत. अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे. जिथं धूर तिथं आग, जशी चुलीत. इथंही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. नववीच्या पोराला हे अर्ध्या तासात कळतं, मी पाहिलंय. त्याहून मोलाचं म्हणजे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, चर्चेचे तीन प्रकार केले. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं पाडायला करतात ती वितंडा. आपल्या शाळांतल्या वादविवाद स्पर्धा पोरांना जल्प शिकवतात. चिठ्ठीत "विरुद्ध" आलं की विरुद्ध बोलायचं, टाळ्या घ्यायच्या, ढाल घरी न्यायची. तेच पोरगं पुढं ग्रामसभेत उभं राहतं.

हेडमास्तर सरांची भीती खरी आहे. पण गाईड निघेल म्हणून विषयच नको, तर मग मराठीही बंद करावं लागेल.

गणितवाली ताई

मॅडम, पाच अवयवांचं मी माझ्या तासाला करून बघेन, सिद्धता शिकवायला उपयोगी पडेल. तेवढ्यानं माझं मत बदलत नाही. शनिवारची शाळा सकाळची, त्यात शेवटचा तास माझा आहे. या वादात सगळ्यांची नजर त्याच तासावर जाणार, म्हणून आधीच सांगते, तो मी सोडणार नाही. त्यात मी कच्च्या पोरांना अपूर्णांक शिकवते.

कास्तकार भाऊ

सगळ्यायचं वाचलं. मी काल रात्री पोरीले इचारलं, वाघिणीचं काय वाटते? तिनं मलेच इचारलं, रोही, म्हंजे नीलगाय, पीक खाते तं त्याले मारलं पायजे का नाई, अन् वाघाले मारलं तं पेपरात येते, रोह्याचं काहून येत नाई? जेवण होयेपर्यंत आमचं तेच चाललं. तिच्या मायनं बी भाग घेतला.

तरी बी माही मागणी तीच हाय. पयले इंग्रजीचा मास्तर. पालक सभेत मी त्याचा ठराव मांडतो. सर, तुमच्या शाळेत बी मांडा, शिक्षक म्हून तुमी खाली सही करा. ते होत असन तं परिपाठातल्या टायमाले माहा इरोध नाई. वेचणीच्या दिवसांत मात्र नका ठेवू, तवा अर्धा वर्ग वावरात असते, अन् ज्यायले बोलाले पायजे तेच पोट्टे नसते.

नववी ब

सही करतो, भाऊ. ठरावाचा मसुदा पाठवा, आमच्या दोन रिकाम्या जागाही त्यात घालू. वेचणीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून ऑगस्टपासून दिवाळीपर्यंतच ठेवायचं म्हणतो, आठवड्यातून दोनदा, परिपाठाला जोडून. पहिला प्रश्न तुमच्या पोरीचा, रोह्याचा.