ग्लायडरची नवी कॅनोपी: स्क्रू मारायचे की चिकटवायची?

प्रश्न
एकआसनी ग्लायडर, ग्लासफायबरची फ्रेम. जुनी ॲक्रिलिक कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) स्क्रूच्या भोकांपासून तडकत गेली. नवी आली आहे, चारी बाजूंनी 3-4 सेंमी जास्तीची. फ्रेम शाबूत आहे. पुन्हा स्क्रू मारावेत की नुसत्या इपॉक्सीने भागेल? आणि फ्रेम काढून टेबलावर काम केलं तर चालेल का?

उत्तर 1
टेबलावर अजिबात नको. कॅनोपी नसलेली फ्रेम सहज पिळते. टेबलावर चिकटवलीत तर तो पीळ कायमचा बसेल आणि मग कुलूप लागणार नाही. फ्रेम विमानावरच, बिजागऱ्या आणि कुलपं लावून बंद ठेवा. कॉकपिटच्या काठाला आधी पॅकिंग टेप, त्यावर मेण. नाहीतर कॅनोपी विमानालाच चिकटेल.

कॅनोपी वर ठेवून मास्किंग टेपवर रेघ आखा. कापायला जिगसॉ नको, त्याच्या धक्क्यांनी कड तडकते. बारीक कटिंग डिस्क वापरा, कमी दाबाने, उबदार खोलीत. मग कड 180 आणि शेवटी 400 च्या सँडपेपरने गुळगुळीत करा. कडेवर राहिलेला ओरखडा म्हणजे उद्याची चीर.

चिकटण्याचा पट्टा तेवढाच 120 ने खरवडा, फ्रेम 80 ने. इपॉक्सीत कॉटन फ्लॉक (कापसाची बारीक पूड) घाला, उभ्या कडेवरून ओघळणार नाही इतकं. थर 1-2 मिमी राहू द्या. क्लॅम्प लावू नका, टेपचा हलका ताण पुरतो. कॅनोपी दाबून फ्रेमवर आणावी लागत असेल तर आकार चुकला आहे, पुन्हा घासा. 20-25 अंशांत किमान 24 तास हात लावू नका.

उत्तर 2
स्क्रूबद्दल: 2 मीटर लांबीत 30 अंशांचा फरक पडला की ॲक्रिलिक सुमारे 4 मिमी वाढतं, ग्लासफायबर जेमतेम 1 मिमी. चिकटवलेल्या कडेत हा ताण सगळीकडे वाटला जातो. स्क्रू असेल तर तो एका भोकावर येतो. काऊंटरसंक (भोकात बुडणारं, निमुळतं) डोकं तर पाचरीसारखं काम करतं. निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये स्क्रू असतीलच तर ते पाळा, पण 3 मिमी स्क्रूला 5 मिमी भोक, खालून सपाट डोकं, नायलॉन वॉशर, आणि आवळून झाल्यावर पाव फेरा सैल. धातूसाठीची ड्रिल बिट ॲक्रिलिकमध्ये गचकन घुसते, प्लास्टिकसाठी घासलेली घ्या.

प्रश्नकर्ता
बाहेर आलेलं इपॉक्सी ॲसिटोनने पुसू का? घरात पॉलिएस्टर रेझिन पडून आहे, ते चालेल?

उत्तर 1
दोन्ही नाही. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांनी ॲक्रिलिकवर बारीक जाळीदार चिरा पडतात, कधीकधी काही दिवसांनी. पॉलिएस्टरमधलं स्टायरीनही तेच करतं. सुपरग्लूही नको, त्याच्या वाफेने पांढरट धूसर डाग पडतो. ओलं इपॉक्सी प्लास्टिकच्या पट्टीने काढा. वरचा भाग आधीच झाकला असेल तर एवढंही लागत नाही. संरक्षक फिल्म शेवटपर्यंत राहू द्या.

उत्तर 3
खिडकीची आणि हवेच्या झरोक्याची भोकं चिकटवून झाल्यावरच पाडा, आधी पाडली तर कॅनोपी हाताळताना तिथून तडकते. मग आपत्कालीन सुटका (संकटात कॅनोपी विमानापासून वेगळी करणारा खटका) खरोखर ओढून बघा, खाली गादी आणि दोन माणसं धरायला. बाहेर आलेलं इपॉक्सी कधीकधी या खटक्याच्या पिनेत शिरलेलं असतं, आणि ते नुसतं बघून कळत नाही. तपासनिसाची सही त्यानंतर. आणि हो, उघडी कॅनोपी उन्हात ठेवू नका; ती भिंगासारखं ऊन एकवटते आणि हेडरेस्ट जाळते.