इतक्या खारट पाण्यात आर्टेमिया जगतो कसा?

निळीशाई: समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, आर्टेमिया (खाऱ्या सरोवरांतला कोळंबीसारखा इवलासा जीव) तर त्याच्या कितीतरी पट खारट पाण्यातही आरामात पोहतो. अंगातलं पाणी बाहेर खेचलं जाऊन सुकत कसा नाही? पेशीच्या लेव्हलला नक्की काय होतं, कोणी सांगेल का

भरतीओहोटी: पाणी बाहेर जातंच की, म्हणून तर तो ते खारट पाणी सतत पितो, आतडं मीठ शोषतं आणि त्यामागोमाग पाणीही आत येतं, मग जास्तीचं मीठ पायांवरच्या खास पेशी बाहेर टाकतात. पिल्लांमध्ये हे काम मानेजवळची ग्रंथी करते. सगळं चालतं ते सोडियम-पोटॅशियम पंपावर, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या एका प्रथिनावर: एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत.

प्रोटीनवेडा: खरी कमाल पुढे आहे!! आर्टेमियाकडे याच पंपाचा एक वेगळा प्रकार आहे, त्यात दोन जागी अ‍ॅस्पॅरजिनऐवजी लायसिन (दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे घटक), आणि तो 2 सोडियम बाहेर टाकून 1च पोटॅशियम आत घेतो. वाटतं काम कमी झालं, पण एका एटीपीची ताकद कमी आयनांवर लागते ना, त्यामुळे बाहेर खूप खारट असलं तरी सोडियम ढकलता येतं. खारटपणा वाढला की हा प्रकार जास्त बनतो. मला तरी हे जबरदस्त वाटतं.

निळीशाई: वा, मस्त समजलं. सगळे छोटे जीव असंच करतात का?

भरतीओहोटी: नाही. समुद्रकाठच्या खडकांमधल्या डबक्यातला टिग्रिओपस हा इवलासा कवचधारी जीव बघा, ऊन पडून पाणी आटलं, खारटपणा वाढला की तो पेशीतलं पाणी टिकवायला आत प्रोलिन, अ‍ॅलनिन ही अमिनो आम्लं साठवतो आणि पाऊस पडला की ते कमी करतो.