गेमचे व्यसन हा आजार की पालकांची सबब?

सारंग : काल इथे एका सदस्याने लिहिले की, ‘गेमचे व्यसन असे काही नसतेच, शिस्त लावता न आलेल्या पालकांनी शोधलेली ती सबब आहे.’ हे वाक्य सलत राहिले, म्हणून सविस्तर लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातली कसोटी तासांची नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे आणि हे साधारण बारा महिने टिकणे, ही ती कसोटी आहे. माझा भाचा परीक्षेला जातो असे सांगून घरातून निघाला आणि त्याने चार पेपर बुडवले. ताई ताट घेऊन दारात उभी असायची आणि तो ‘ही मॅच संपू दे’ एवढेच म्हणायचा. तिने शिस्त लावली नाही, असे म्हणणाऱ्याने तिची जागरणे पाहिलेली नाहीत.

मृण्मयी : यादीत नाव आले म्हणून वाद मिटत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तकात हा विकार ‘अधिक अभ्यास हवा’ अशा विभागात ठेवला. माझा भाऊ दहावीनंतर दिवसाला दहा तास खेळायचा आणि सगळे घर त्याला व्यसनी म्हणायचे. प्रत्यक्षात त्याला नैराश्य आले होते, हे आठ महिन्यांनी कळले. उपचार सुरू झाल्यावर खेळणे आपसूक कमी झाले. तुमच्या त्या शिक्क्यामुळे आमचे आठ महिने वाया गेले.

विनायक : खरे व्यसन पैसे लावून खेळण्याचे आहे. आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने मोबाइलवरच्या रमीपायी बायकोचे दागिने गहाण टाकले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदीचा कायदा केला, पण त्याला फार उशीर झाला.

मृण्मयी : तो जुगार आहे, विनायकराव! प्रत्येक चर्चेत रमी आणून आपण मुलांचा प्रश्न बुडवता.

विनायक : मुलांच्या गेममध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्या असतात आणि आत काय निघेल ते नशिबावर असते. बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांना जुगारच ठरवले. मग मी कुठे विषय सोडला?

सारंग : विनायकरावांच्या मुद्द्यातून माझेच म्हणणे पुढे जाते. त्याच डीएसएम-५ ने जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात जागा दिली आहे. म्हणजे पोटात दारू किंवा गांजा न जाताही व्यसन जडते, हे त्या पुस्तकालाही मान्य आहे.

मृण्मयी : जुगारापुरते मान्य आहे. गेमच्या बाबतीत आधी नैराश्य आणि चिंताविकार तपासा. त्यानंतर जे उरेल त्याला व्यसन म्हणायला माझी हरकत नाही.

सारंग : भाच्याची ती तपासणी झाली होती आणि तसे काही निघाले नाही. आता तो पुन्हा कॉलेजला जातो आणि रात्री दहा वाजता फोन ताईकडे देतो. मागच्या आठवड्यात त्याने तो गेम स्वतःहून काढून टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतला.