मुलगी वर्गात एक शब्द बोलत नाहीये (स्लाव ते म्युनिक, तिसरी)

सई_म्युनिक
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या. आम्ही १२ वर्षं इंग्लंडात होतो, स्लावला. दोन्ही मुलं तिथेच जन्मली, पासपोर्ट ब्रिटिश, आणि गेल्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे म्युनिकला आलो. मुलगी इयर थ्री संपवून आली, इथे ग्रुंडशुलेत, म्हणजे प्राथमिक शाळेत, तिसरीला घातली. मुलगा साडेपाच वर्षांचा, तिकडे त्याचं रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा शाळेतला वर्ग) झालं होतं, छोटी पुस्तकं आपली आपण वाचायचा, आणि इथे शाळाच सहाव्या वर्षी सुरू होते म्हणून परत किंडरगार्टनला बसवला. दिवसभर चिखलात खेळून येतो. अक्षर ओळख नाही, काही नाही.

पण खरी काळजी मुलीची आहे. तिकडे असेंब्लीत हिचा हात सगळ्यात आधी वर असायचा, आणि इथे पाच महिने झाले वर्गात एक शब्द बोललेली नाही. परवा गणिताचा पेपर हसत हसत घेऊन आली, "आई, सहापैकी पाच!" म्हणून. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? सांगितलं तेव्हा पेपर दप्तरात ठेवला आणि जेवलीच नाही. चुका बघितल्या तर बाईंनी तोंडी सांगितलेले आकडे उलटे लिहिलेत, ४५ चे ५४ वगैरे. गणित येतं हो तिला.

आणि पुढच्या वर्षी चौथीत तो युबरट्रिट, म्हणजे पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते ठरतं. जर्मन, गणित आणि एचएसयू (आपला परिसर अभ्यास म्हणा) मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशुले (मधली, दहावीपर्यंतची), नाहीतर मिटेलशुले. स्लावला ११ प्लसची (तिकडच्या ग्रामर स्कूलची प्रवेश परीक्षा) धावपळ शेजारीपाजारी बघितली होती आणि वाटलं होतं सुटलो त्यातून, तर इथे त्याच्याही आधी. तिच्याच शाळेत लीड्सहून आलेलं एक कुटुंब आहे, त्यांनी शेवटी मुलाला इंटरनॅशनल स्कूलमध्ये हलवलं. आम्हाला ती फी झेपणारी नाही, पण कर्ज काढून तरी घालावं का असं रात्री दोनला वाटतं. इथे दहा-दहा वर्षं असलेल्यांनी प्लीज सांगा.

न्युर्नबर्गचा_नाशिककर
सई, आधी पाणी पी आणि कर्जाचा विचार सोड. आम्ही रेडिंगहून आलो तेव्हा पोरगा तिसरीतच होता, म्हणजे अगदी तुझीच केस. साडेसात महिने गप्प होता. मग एक दिवस शाळेच्या अंगणात कुणीतरी बॉल हिसकावला आणि हा जर्मनमध्ये भांडला, व्याकरणासकट :) तोपर्यंत सगळं आत साठत होतं.

आता कामाचं. बव्हेरियात, म्हणजे आपल्या या राज्यात, ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांच्यासाठी त्या २.३३ ला सवलत आहे. जर्मन कच्चं राहण्याचं कारण भाषा नवीन असणं हेच असेल आणि ते भरून निघेल असं शाळेला वाटलं, तर ३.३३ पर्यंत गिम्नाझियमला पाठवता येतं. हे आम्हाला आपणहून कुणी सांगितलं नव्हतं, मी तीन वेळा जाऊन विचारलं तेव्हा कळलं. वर्गशिक्षिकेची श्प्रेखश्टुंडे, म्हणजे पालकांना भेटायची वेळ, आत्ताच घे, चौथीची वाट बघू नको. जर्मन विषयाला मार्कांऐवजी नुसता शब्दांत शेरा देता येईल का हेही विचार, आमच्याकडे पहिलं वर्ष तसं केलं होतं आणि पोराच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं.

आणि सरासरी नाहीच बसली तरी प्रोबेउंटररिष्ट असतो, गिम्नाझियममध्येच जाऊन काही दिवस वर्गात बसायचं, पेपर द्यायचे. आमचा रेआलशुलेला गेला. मी तेव्हा फार वाईट वाटून घेतलं होतं, बायकोला विचार. आता तो दहावी करून एफओएसला (दहावीनंतरची शाळा) आहे, तिथून बारावीनंतर फाखहोखशुलेचा, म्हणजे प्रात्यक्षिकावर भर असलेल्या कॉलेजचा, रस्ता आहे आणि तेरावी केली तर विद्यापीठाचाही. तुझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्यापुढचं कुठलंच दार अजून बंद झालेलं नाही.

इझारकाठची
सईताई, ४५ चे ५४ वाचलं आणि राहवलं नाही. जर्मन लोक फ्युन्फउंडफिअर्त्सिश म्हणतात, म्हणजे पाच आणि चाळीस. आणि आपण काय म्हणतो? पंचेचाळीस! इंग्लिशमध्ये आधी चाळीस येतात म्हणून ती हात तसाच फिरवते. तिला मराठी आकडे येतात का? नसतील तर आजीला व्हिडिओ कॉलवर बसवा, रोज दहा मिनिटं, एकवीस बावीस तेवीस. माझ्या भाचीला याच वाटेने जमलं, दोन आठवड्यांत.

मी इथे मोठ्यांना जर्मन शिकवते आणि खात्रीने सांगते, मराठी घरातल्या मुलांना इंग्लिश शेजाऱ्यांपेक्षा एक पायरी वरून सुरुवात मिळते. "वाइल इश हॉयटे क्रांक बिन" घ्या. कारण मी आज आजारी आहे. एकेक शब्द जागच्या जागी, क्रियापद शेवटी! इंग्लिशवाल्यांना हे पचायला महिने लागतात. डेअर-डी-डासचंही तसंच, तो-ती-ते आपल्याला नवीन नाही (लिंगं जुळत नाहीत हे खरं, पाठ करावीच लागतात). घरी "आता फक्त जर्मन" असा नियम करू नका हो, हात जोडून सांगते. दिवसभर अनोळखी भाषेत कान ताणून आलेल्या पोरीला घरी तरी मोकळं बोलू दे.

मुलाचं म्हणाल तर राहू दे चिखलात. सप्टेंबरमध्ये तो शुलट्युटे, म्हणजे खाऊ-पेन्सिलींनी भरलेला तो मोठा कागदी कोन, मिरवत पहिलीत जाईल तेव्हा त्याला जर्मन येत असेल आणि वाचायची युक्ती आधीच माहीत असेल. वाचन विसरत नाहीत मुलं, रात्री इंग्लिश पुस्तकं चालू ठेवा.

बर्लिनकर७२
फक्त एक, ही सगळी बव्हेरियाची गणितं आहेत. आमच्याकडे ग्रुंडशुले सहावीपर्यंत असते, ब्रांडेनबुर्गलाही. १६ राज्यं, प्रत्येकाचं शिक्षणखातं वेगळं, त्यामुळे नेटवर वाचून घाबरताना लेख कुठल्या राज्याचा आहे ते आधी बघा. आणि ती ५४ लिहिणारी मुलगी इंग्रजी 7 ला मधे आडवी रेघ देते का? नसेल तर द्यायला शिकवा. इथे 1 ला वर लांब शेपूट काढतात, त्यामुळे इंग्लंडचा साधा 7 बाईंना 1 वाटू शकतो. आमच्याकडे याच एका रेघेवरून दोन महिने गोंधळ चालला होता.

सई_म्युनिक
सगळ्यांचे मनापासून आभार, ऑफिसमध्ये वाचताना डोळ्यात पाणी आलं. श्प्रेखश्टुंडे पुढच्या मंगळवारी मिळाली आहे, ३.३३ चं कागदावर लिहून नेते. आणि बर्लिनकर, आत्ता पेपर परत काढून बघितला, दोन उत्तरं त्या 7 मुळेच चुकीची धरलीत!! सांगलीला सासूबाईंना फोन केला, त्यांनी लगेच पाढ्यांचं पुस्तक शोधायला घेतलं. काल रात्री पोरगी त्यांना विचारत होती, "मग एकोणपन्नासला पन्नास का म्हणायचं, चाळीस कुठे गेले?" आणि आजींना उत्तर देता येईना, दोघी हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी तिचा तसा आवाज ऐकला.

अजून एक विचारायचं राहिलं. वर्गात सगळ्यांना फ्युलरनेच, म्हणजे शाईच्या पेननेच लिहायला लागतं आणि ती डावखुरी आहे, सगळी शाई हाताला फासली जाते, वही खराब झाली की रडते. डावखुऱ्यांसाठी वेगळ्या निबचं पेन मिळतं असं ऐकलंय, कुणी वापरलंय का मुलांसाठी?

इझारकाठची
हो मिळतं, स्टेशनरीच्या दुकानात लिंक्सहेंडर म्हणून मागा. विकत घ्यायच्या आधी तिलाच हातात धरून लिहून बघू दे, तिथे ठेवलेलं असतं. आणि वही जरा उजवीकडे खाली झुकवून, हात ओळीच्या खाली ठेवून लिहायला सांगा.