डेंटल कॉलेज : जुनं पुण्यातलं की नवं घराजवळचं?

सिडकोकर_बाबा
नमस्कार मंडळी. लेकीच्या बीडीएसचा (दंतवैद्यकाची पदवी) पसंतीक्रम शनिवारपर्यंत भरायचाय. पुण्यातलं जुनं कॉलेज, तिथे एमडीएसही (बीडीएसनंतरची पदव्युत्तर पदवी) आहे. दुसरं नाशिकपासून तासाभरावर, यंदा तिसरी बॅच. ते बघून आलो. काचेची इमारत, चेअरवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही! लेक पुण्यावर अडून बसलीय, तिची आई घरच्या डब्यावर. फी जवळपास सारखीच, पण होस्टेल धरलं तर पुणं महाग. नेमकं बघायचं काय?

दाढदुखी_गंगापूररोड
काका, प्लॅस्टिक निघालं नाही म्हणजे त्या चेअरवर पेशंट बसलेला नाही.
मी अशाच एका नव्या कॉलेजच्या पहिल्या बॅचचा. पहिली दोन वर्षं काही जाणवत नाही. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, मग फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, ड्रिल. खरी गोची तिसऱ्या वर्षी. क्लिनिकचा कोटा, म्हणजे प्रत्येकाने ठरलेल्या इतक्या केसेस, पुरा करायचा, आणि ओपीडीत पेशंट सात, आम्ही पन्नास. एसटी स्टँडवरून रिक्षाचं भाडं आम्ही देऊन माणसं आणायचो. पूर्ण कवळीची केस मिळेना, तेव्हा पेठ तालुक्यातून मामांना बोलावलं. माप, मेणाचे रिम, ट्राय-इन (कच्ची कवळी तोंडात बसवून बघणं), पाच चकरा झाल्या बिचाऱ्यांच्या. मधेच आमचे प्रॉस्थोचे, म्हणजे कवळ्या शिकवणारे, सर पगार थकला म्हणून सोडून गेले. खालची कवळी सैल झाली ती झालीच. मामा भाकरी खाताना ती खिशात ठेवतात.
शिवाय नव्या कॉलेजला परवानगी दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, पक्की मान्यता पहिली बॅच फायनलला बसल्यावर. तिथली पहिली बॅच आत्ता कुठे तिसऱ्या वर्षाला असेल.
एक करा. न सांगता सकाळी दहाला ओपीडीत जा, स्वतःचा केसपेपर काढा, नंबर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा काढा. वजाबाकी करा.

इंटर्न_पंचवटी
जुन्यात सगळं गोड असतं असं नाही हां. पेशंटला तोटा नाही, मिश्रीवाल्या आज्यांचं स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण काढणं, करून हात दुखतात. पण अडकलेली अक्कलदाढ आली की एमडीएसवाले घेऊन जातात, आपण गाल बाजूला धरायचा रिट्रॅक्टर घेऊन उभं राहायचं. तरी साधे दात मात्र भरपूर काढले, हात बसला.

मखमलाबादकर
पदवी दोन्हीकडची आपल्या म्हसरूळच्या विद्यापीठाचीच, पेपरही तेच. लग्नाच्या पत्रिकेत कॉलेज कोण छापतं? घराजवळचं घ्या.

दाढदुखी_गंगापूररोड
@मखमलाबादकर दादा, तुमची दाढ काढायला पत्रिका घेऊन या मग.

सिडकोकर_बाबा
काल आणि आज जाऊन आलो. कालचा केसपेपर ४११२, आजचा ४१३१. एकोणीस पेशंट, त्यात एक मी. पुणं पहिलं टाकलंय. डब्यावरून घरात अबोला आहे. आणि माझी खालची डावी दाढ किडलेली निघाली. डॉक्टर, गंगापूर रोडला संध्याकाळी किती वाजेपर्यंत असता?